पकडला, पण पडला नाही: खेळाच्या टेबलावरचे नियमांचे वाद कसे सोडवावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र चालवत फाशांवर खेळायचा कथेचा खेळ. तो किंवा त्या धर्तीचा कोणताही खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराकडे, म्हणजे डीएमकडे (डंजन मास्टर), दोन कामे एकाच वेळी असतात: तो खेळाडूंच्या शत्रूंच्या वतीने फासे टाकतो आणि त्याच लढतीचा पंचही असतो. खासबागच्या कुस्ती मैदानात असा पंच कोल्हापूरकरांनी क्षणभरही खपवून घेतला नसता; येथे मात्र खेळाची रचनाच तशी आहे. त्यामुळे डीएमचा निर्णय पुस्तकाप्रमाणे अचूक असण्यापेक्षाही तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो की नाही, याकडे खेळाडूंचे लक्ष अधिक असते, आणि ते योग्यच आहे.

निम्मे वाद पहिल्या बैठकीतच टाळता येतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि तिचे सुधारित नियम २०२४ मध्ये आले. एकाच टेबलावर एकाकडे जुने पुस्तक आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर नवे नियम, ही परिस्थिती नेहमीची आहे. दोघेही खरेच बोलत असतात, म्हणून वाद मिटत नाही. कोणती आवृत्ती प्रमाण मानायची आणि बैठक चालू असताना अंतिम शब्द कोणाचा, हे आधीच सर्वांसमक्ष ठरवून ठेवावे.

आता एक वाद जवळून पाहू. तालमीत घाम गाळलेला एखादा खेळाडू आपल्या योद्ध्याकरवी ओगरला (एका धिप्पाड राक्षसाला) पकडतो, फासा चांगला पडतो आणि तो म्हणतो, ‘‘दादा, पट काढलाय मी त्याचा. आता तो उभा राहीलच कसा?’’ कुस्तीच्या दृष्टीने त्याचे म्हणणे रास्त आहे. नियमाच्या दृष्टीने मात्र पकडीमुळे ओगरचा वेग शून्य होतो, तो पडत नाही. पाडण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागतो. अशा वेळी नुसते ‘नियमात नाही’ म्हणणे हा सर्वांत वाईट निर्णय होय, कारण त्यातून खेळाडूला पुढची वाट दिसत नाही. आधी त्याला नेमके काय साधायचे आहे ते विचारावे. ओगरला जमिनीवर दाबून ठेवायचे असेल, तर त्याची वाट पुस्तकातच आहे: योद्ध्याला एका टर्नमध्ये दोन वार असतील, तर एका वाराऐवजी पकड घ्यायची आणि दुसऱ्याऐवजी ढकलून पाडायचे. दोन्ही साधले, तर वेग शून्य असल्यामुळे पकड सुटेपर्यंत ओगरला उठता येत नाही. खेळाडूला हवे तेच मिळाले, फक्त त्याची किंमत मोजून.

तरीही तो अडून बसला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘‘उद्या ओगरने तुमच्या जादूगाराला पकडलं, तर तोही फुकटात आडवा होईल, चालेल?’’ टेबलावरचा जादूगार बहुधा स्वतःच उत्तर देतो. हाच प्रश्न डीएमने स्वतःलाही विचारावा, कारण आपल्या लाडक्या राक्षसाला सूट देण्याचा मोह प्रत्येक डीएमला होतो आणि तो खेळाडूंच्या नजरेतून सुटत नाही.

निर्णय शक्यतो फासा पडण्यापूर्वी सांगावा. काय साधेल, किती आकडा लागेल आणि चुकल्यास काय होईल, या तीन गोष्टी आधी बोलून टाकल्या, की नंतर भांडायला फारसे उरत नाही. वीस बाजूंच्या फाशावरचा वीसचा आकडा हे याचे ठळक उदाहरण आहे. वाराच्या फाशावर २० पडला, तर वार हमखास लागतो. पण भिंत चढणे किंवा पहारेकऱ्याला पटवणे अशा कौशल्याच्या चाचण्यांना तो नियम नाही. तेव्हा जी गोष्ट मुळात अशक्यच आहे, तिच्यासाठी फासा टाकायला सांगूच नये. एकदा टाकायला लावला आणि वीस पडला, तर नंतरचे स्पष्टीकरण कोणी ऐकून घेत नाही. फासा पडल्यानंतर वाद निघाला आणि परिणाम खेळाडूला खरोखर माहीत नव्हता, असे दिसले, तर त्याला कृती मागे घेऊ द्यावी. माहीत असूनही आकडा पाहून तो शब्द फिरवत असेल, तर फासा कायम.

पुस्तक चाळायला दोन मिनिटे पुरेत. तेवढ्यात नियम सापडला नाही, तर डीएमने तात्पुरता निर्णय द्यावा, वहीत टिपून ठेवावा आणि खेळ पुढे न्यावा. याला एकच अपवाद आहे: पात्राचा जीव. जीवनगुण (हिट पॉइंट) शून्यावर येऊन बेशुद्ध पडलेले पात्र जगते की मरते, हे मृत्यूच्या चाचणीच्या फाशांवर ठरते. अशा पात्राला पाच फुटांच्या आतून वार लागला, तर तो क्रिटिकल, म्हणजे जास्त घातक, ठरतो आणि त्या चाचणीत एकदम दोन अपयशे धरली जातात. तिसरे अपयश म्हणजे मरण. महिनोन्महिने जपलेले पात्र अंदाजाने मारू नये. तेथे खेळ थांबवावा, सर्वांना चहा प्यायला पाठवावे आणि नियम शोधूनच परत बसावे.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. टेबलावर वयाने मोठा दादा असला, की धाकटा डीएम त्याच्यापुढे कचरतो. शिवाय पुस्तके इंग्रजीत असल्यामुळे जो झरझर वाचतो, तोच खरा ठरतो. यावर उपाय म्हणजे वाचलेल्या नियमाचा अर्थ डीएमने मराठीत सर्वांना सांगावा आणि नंतर ज्याच्या पात्राचा प्रश्न आहे, त्याला आधी बोलू द्यावे. मान दादाचा राखावा, निर्णय मात्र डीएमचाच असावा.

बैठक संपल्यावर वहीतले तात्पुरते निर्णय शांतपणे तपासावेत आणि कायमचा नियम ग्रुपवर टाकावा. तो पुढच्या बैठकीपासून लागू होईल, असे स्पष्ट लिहावे. झालेल्या लढाया पुन्हा उकरू नयेत. तोच खेळाडू प्रत्येक नियमावर अडत असेल, तर दुखणे बहुधा नियमाचे नसते. त्याच्याशी चारचौघांत न बोलता वेगळे बोलावे, आणि खेळात त्याला काय मिळत नाही, हे आधी ऐकून घ्यावे.