पॉइंट टू-टूला (.२२ रायफलला) काडतूस निवडताना लॉट बघा
५० मीटर नेमबाजीसाठी रायफल घेताना साताऱ्या-सांगलीकडची पोरं सगळा जीव बॅरलच्या ब्रँडमध्ये अडकवतात आणि काडतूस मिळेल ते भरतात. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं. रेघेला शिवलं तरी दहा, म्हणून ५.६ मिमीची गोळी धरता छिद्रांची केंद्रं १६ मिमीच्या वर्तुळात हवीत. एकाच कंपनीचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेली काडतुसं, एकाच बॅरलमधून वेगवेगळे वागतात.

सुमारे ३३० मीटर प्रति सेकंद वेगाचंच काडतूस घ्या. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचं) काडतूस आवाजाच्या वेगापलीकडे जातं, वेग पटकन गमावतं आणि वाऱ्याने जास्त सरकतं.

चाचणी भल्या सकाळी, वारा पडलेला असताना. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या सातारा जिल्ह्यात दुपारच्या ग्रुपवर (ओळीने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्यावर) भरवसा ठेवू नये. रायफल सँडबॅगवर टेकवा. ब्रँड बदलला की आधीचं वंगण निघेपर्यंत पहिले १०-१५ राऊंड मोजू नका. मग प्रत्येक लॉटचे १०-१० राऊंडचे तीन ग्रुप मारा. पाचाचा ग्रुप हमखास फसवतो. ग्रुप आडवा पसरला तर आधी वाऱ्यावर संशय घ्या, उभा पसरला तर काडतुसांच्या कमी-जास्त वेगावर. जमलेल्या लॉटचा नंबर खोक्यावरून टिपून परवान्याच्या मर्यादेत तोच पूर्ण उचला.