तुम्ही इंटरनेटवर शोधता कसे? आपली सवय ओळखून शोध सुधारण्याची रीत

एकच प्रश्न दोघांना द्या. एक जण पहिलीच लिंक उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसतो. दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये तेवढ्या वेळात डझनभर टॅब उघडलेले असतात. यात हुशारीचा संबंध थोडा, विचार करण्याच्या धाटणीचा जास्त. ती मुळापासून बदलायची गरज नाही. कुठे दगा देते तेवढे कळले तरी पुरे.

१. हिस्ट्री उघडा. मागच्या आठवड्यातला एखादा मोठा शोध निवडा. शब्द कितीदा बदललेत? किती पाने उघडलीत? कशावर थांबलात? आठवणीवर विसंबू नका, आपण सगळेच स्वतःला फार पद्धतशीर समजतो.

२. धाटणी ओळखा. ब्रिटिश संशोधक गॉर्डन पास्क यांनी १९७०च्या दशकात शिकणाऱ्यांच्या दोन तऱ्हा मांडल्या. काही जण एक धागा धरून क्रमाने पुढे सरकतात. काहींना आधी सगळा पसारा नजरेखालून घालायचा असतो. पहिल्यांना तपशील कळतात, पण त्या तपशिलांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. दुसरे अपुऱ्या माहितीवर मोठे निष्कर्ष काढून मोकळे होतात. बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, त्यामुळे स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका.

३. सवयीच्या उलट एक पाऊल टाका. धागा धरणाऱ्यांनी काहीही उघडण्याआधी निकालांचे पहिले पान पूर्ण खाली सरकवून पाहावे. टॅब उघडत सुटणाऱ्यांनी दोनच ठेवून बाकीचे बंद करावेत आणि ते दोन नीट वाचावेत.

४. प्रश्नातून उत्तर काढून टाका. या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या, कारण इथे दोन्ही धाटणींचे लोक सारखेच फसतात. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी आकडे सुचवून तो नियम ओळखा. नियम साधा होता: आकडे चढत्या क्रमाने हवेत. पण बहुतेकांनी मनाशी ‘दोन-दोनने वाढणारे’ असे काही ठरवले आणि ८, १०, १२ यांसारखे त्यात बसणारेच आकडे विचारत राहिले. आपला अंदाज खोटा ठरवू शकेल, असे आकडे फार थोड्यांनी विचारले.

सर्चच्या चौकटीत आपण हेच करतो. ‘धावल्याने गुडघे झिजतात’ असे टाइप केले की हेच शब्द असलेली पाने वर येण्याची शक्यता वाढते, आणि आपले म्हणणे खरेच होते असे वाटू लागते. त्याऐवजी ‘धावणे आणि गुडघ्यांचे आरोग्य’ असे शोधा. मग मुद्दाम उलट बाजू शोधा: ‘धावण्याचे गुडघ्यांना फायदे’. तिन्ही निकाल शेजारी ठेवले की मतभेद नेमका कशावर आहे ते दिसते. अनेकदा तो किती धावायचे यावर असतो.

५. थांबायचे कधी, ते आधी लिहा. ‘पुरेसे चांगले’ मिळताच थांबण्याच्या वृत्तीची मांडणी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात केली. शब्दाचा अर्थ पाहायचा असेल तर तीच वृत्ती बरी. औषध किंवा मोठा खर्च असेल तर स्वतंत्रपणे लिहिलेले किमान दोन स्रोत जुळल्याशिवाय थांबू नका. एकमेकांची नक्कल केलेली दहा पाने म्हणजे एकच स्रोत.

६. पान सोडून बाहेर पडा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अपरिचित वेबसाइट कशी पारखतात ते पाहिले. तपासनीस त्या पानावर फारसे रेंगाळलेच नाहीत. नवा टॅब उघडून वेबसाइटमागची संस्था कोणाची आणि इतर तिच्याबद्दल काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिले. बाकीचे बरेच जण देखण्या मांडणीला भुलले. म्हणजे टॅब उघडण्याची खोड इथे कामाची. संस्थेचे नाव अवतरणचिन्हांत टाका, आणि निकालांत तिचीच पाने भरली असतील तर नावापुढे ‘टीका’ किंवा ‘निधी’ हा शब्द जोडा.