पानझडी झाडांखालच्या वनफुलांची तयारी

पानझडी झाडांच्या सावलीत ट्रिलियम, ब्लडरूट, हेपॅटिका किंवा व्हर्जिनिया ब्लूबेल ही उत्तर अमेरिकेतील वनफुले लावायची असतील, तर तयारी शरद ऋतूतच सुरू करावी. कारण वर नवी पालवी दाटण्यापूर्वी जे काही आठवडे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, तेवढ्यात ही रोपे फुलतात, अन्न साठवतात आणि ब्लूबेलसारखी काही तर उन्हाळ्यात जमिनीवरून पार दिसेनाशी होतात. म्हणून जागा पानझडी झाडांखालचीच हवी. सदाहरित झाडांची बारमाही सावली येथे उपयोगाची नाही. माती खोल खणू नये, झाडांची बारीक मुळे वरच्याच थरात असतात.

खरा विचार पाचोळ्याचा करावा. तो सगळा झाडून नेला तर मातीची ओल आणि खत दोन्ही जाते. जसाच्या तसा सोडला, तर मेपलची रुंद पाने पावसाने एकमेकांना चिकटून त्यांचा जाड थर बसतो आणि नाजूक कोंब त्याखाली अडकतात. ओकची पाने तर कुजायलाच फार वेळ घेतात. त्यामुळे गवत कापण्याच्या यंत्राने पानांचा चुरा करून त्याचा सुमारे ५ सेंटिमीटरचा थर द्यावा. हेपॅटिकाची जुनी पाने हिवाळाभर टिकत असल्याने तिच्यावर तो आणखी पातळ ठेवावा. एखाद्या कोपऱ्यातील पाने मात्र अखंड राहू द्यावीत, कारण अनेक पतंगांचे कोष त्यांतच हिवाळा काढतात. उरलेली पाने जाळीच्या कुंपणात ओली करून रचल्यास एक-दोन वर्षांत उत्तम खत होते.

रोपे घेताना ती रोपवाटिकेत केवळ विकली जातात की तेथेच वाढवली जातात, हे स्पष्ट विचारावे. बियांपासून ट्रिलियमला फूल यायला पाच ते सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. तेव्हा फुलावर आलेले रोप फारच स्वस्त मिळाले, तर ते जंगलातून उपटलेले असण्याची शंका घ्यावी. ब्लडरूटच्या बिया सुकू न देता ताज्याच पेराव्यात. या बियांवरील तेलकट भागासाठी मुंग्या त्या वाहून नेतात व पसरवतात, म्हणून मुंग्यांवर औषध फवारू नये.

प्रत्येक रोपाशेजारी टिकाऊ खूण रोवावी, अन्यथा उन्हाळ्यात रिकामी वाटणारी जागा हमखास खणली जाते. हिवाळा सरताना चिकटलेली पाने दंताळ्याने न ओढता हातानेच सैल करावीत, कारण तोवर कोंब पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेले असतात.