फॅक्टर देऊनही सूज उतरत नाही? या चुका टाळा

हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार, असलेलं मूल पाय जपून टाकायला लागलं, गुडघ्यात मुंग्या येतात म्हणालं, की घरात हमखास ऐकू येतं, "संध्याकाळपर्यंत बघू." फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं कमी पडलेलं प्रथिन, इंजेक्शनने द्यायची वेळ नेमकी तीच असते. सूज दिसते तेव्हा सांध्यात रक्त साठून झालेलं असतं. डोक्याला मार लागला तर बघत बसणं नाहीच. आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन.

दुसरी चूक वजनाची. फॅक्टर आठचं (हिमोफिलिया 'ए'मध्ये हाच कमी असतो) किलोमागे एक युनिट रक्तातली पातळी साधारण 2 टक्क्यांनी वाढवतं. 20 किलोच्या मुलाला 500 युनिटांनी पातळी 50 टक्क्यांच्या आसपास जाते. तेच मूल 30 किलोचं झाल्यावर जेमतेम 33. मूल वाढतं, कागदावरचा डोस मात्र जुनाच राहतो.

डोस बरोबर आहे, वेळेवर दिलाय, तरी रक्त थांबत नाही? मग इन्हिबिटरची शंका घ्या. शरीर फॅक्टरलाच परकं समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तीव्र हिमोफिलिया 'ए'मध्ये शंभरातल्या 25 ते 30 जणांना हे होतं, बहुतेकदा फॅक्टर दिला गेला असे पहिले 50 दिवस भरायच्या आत. यात आईवडिलांचं काही चुकलेलं नसतं आणि औषधही बनावट नसतं. स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. रक्तातलं इन्हिबिटर मोजणारी बेथेस्डा चाचणी करून घ्या. इन्हिबिटर जास्त असेल तर त्या फॅक्टरला वळसा घालून रक्त गोठवणारी (बायपास करणारी) वेगळी औषधं लागतात.

अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, छाती आवळली तर इंजेक्शन तिथेच थांबवून रुग्णालय गाठा. हिमोफिलिया 'बी'मध्ये (यात फॅक्टर नऊ कमी असतो) इन्हिबिटर क्वचित, पण आला तर अशी तीव्र अॅलर्जी सोबत येऊ शकते. म्हणून 'बी' असलेल्या मुलांचे सुरुवातीचे डोस रुग्णालयातच घ्यावेत.

व्हायल, म्हणजे फॅक्टरची बाटली, फ्रीजच्या दारात नको, बर्फाला चिकटून तर नकोच. गोठलेला फॅक्टर वाया गेला. मिसळताना खोकल्याच्या औषधासारखी बाटली हलवू नका, फेस येतो. हळूच गोल फिरवा.

दुखतंय म्हणून अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको; पॅरासिटामॉल चालतं. दंडाच्या स्नायूत इंजेक्शन नको. आणि आजीला दुखावणं जिवावर येतं खरं, पण सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळून मालिशही नको. बर्फ कापडात गुंडाळून ठेवा.

व्हायलवरचं लेबल फेकू नका. तारीख, युनिट आणि बॅच नंबर वहीत चिकटवा. रिअॅक्शन आली की डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.