पुणे–नागपूर विमानप्रवास: अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

पुण्याचे लोहगाव विमानतळ आणि नागपूरचे सोनेगाव विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 605 किलोमीटर आहे, तर रस्त्याने हाच प्रवास सातशे किलोमीटरांच्या पुढे जातो. आपल्या उत्तरात शंभर-सव्वाशे किलोमीटर जास्त दिसत असतील, तर बहुधा रस्त्याचे अंतरच हवाई अंतर म्हणून धरले गेले आहे.

उत्तर 327 आले, तर मात्र गणित चुकलेले नसते. तो आकडा सागरी मैलांतला असतो आणि त्याला 1.852 ने गुणावे लागते. त्यालाच साधा मैल समजून 1.609 ने गुणल्यास 526 किलोमीटर हाती येतात. हा आकडा दिसायला पटण्यासारखा असल्यामुळे चूक सहसा लक्षात येत नाही. अक्षांश-रेखांशांतून अंतर काढणाऱ्यांनी अंश-कलांचे दशांशात रूपांतर करायला विसरू नये. एका अंशात 60 कला असतात; लोहगावचे रेखांश 73 अंश 55 कला आहेत, म्हणजे 73.92, 73.55 नव्हे. एवढ्या चुकीने विमानतळ सुमारे 39 किलोमीटर पश्चिमेला सरकते.

सर्वांत मोठा घोटाळा वेळेचा होतो. जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाते, म्हणून 605 ला 800 ने भागून पाऊण तास हे उत्तर काढले जाते आणि तिकिटावर सव्वा ते दीड तास पाहून कंपनीने वेळ फुगवल्याचा संशय घेतला जातो. वास्तविक तिकिटावरची वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून नागपुरात पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, तिथे आपल्या पाळीची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा इमारतीपर्यंत येणे हे सारे तिच्यात येते. शिवाय आठशेचा वेग फक्त उंचीवर गेल्यावर मिळतो, आणि एवढ्या कमी अंतरात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वाऱ्यामुळे उड्डाण पश्चिमेकडे करावे लागले, तर ईशान्येकडच्या नागपूरसाठी विमानाला वळसा घ्यावा लागतो. त्यातच हा हवाई दलाचा तळ असल्याने नागरी विमानांना लष्करी उड्डाणांशी जुळवून घ्यावे लागते. पंख्याच्या एटीआर विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असल्याने त्याला अर्थातच आणखी वेळ लागतो. म्हणून वेळेची तुलना करण्यापूर्वी विमान कोणते आहे, हे पाहावे.

जाण्याची आणि येण्याची वेळ सारखीच धरणे हीसुद्धा चूकच. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि नागपूरकडे जाणाऱ्या विमानाला ढकलतात. पावसाळ्यात वरच्या थरातले वारे पूर्वेकडून येत असल्याने उलटा परिणाम दिसू शकतो. सहाशे किलोमीटरांत हा फरक काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे त्यावरून फार बारीक हिशेब मांडू नये.

मुंबईमार्गे जाणाऱ्या तिकिटावरचे चार-पाच तास हे पुणे–नागपूरचे उड्डाण नव्हे, मधला थांबाही त्यात असतो. शहराच्या नावावर विसंबणेही धोक्याचे आहे. नागपूरहून गोव्याला जाताना दाबोळी आणि पेडणे तालुक्यातील मोपा हे दोन पर्याय असतात, आणि दोन्हींचे अंतर वेगळे भरते. तिकिटावर विमानतळाचा संकेत जीओआय असेल तर दाबोळी आणि जीओएक्स असेल तर मोपा, एवढे तपासूनच पुढच्या गाडीची वेळ ठरवावी.