संकटाच्या काळात विश्वासात वाढताना

संकट आले की देवाची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासू लागते, आणि नेमकी त्याच वेळी प्रार्थना ओठांवर येईनाशी होते. आजारपण, जिवलगाचा मृत्यू, गेलेली नोकरी किंवा तुटत चाललेले नाते यांपैकी कशातूनही जाणाऱ्या ख्रिस्ती वाचकासाठी मी हे लिहीत आहे. माझी धारणा अशी आहे की या काळात विश्वास वाढतो तो दुःख झाकून ठेवल्याने नव्हे, तर ते देवापुढे आहे तसे मांडल्याने.

म्हणून सुरुवात तक्रारीपासून करावी. पुष्कळांना हे अश्रद्धेचे वाटते. परंतु बायबलमधील स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाचीच आहेत आणि ती देवाच्या लोकांनी प्रार्थना म्हणूनच जपली आहेत. स्तोत्र 13 अवघ्या सहा वचनांचे आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा विचारतो. हे स्तोत्र दिवसातून एकदा मोठ्याने, सावकाश वाचावे. काही दिवसांनी त्याच क्रमाने स्वतःची प्रार्थना वहीत लिहावी: आधी देवाला हाक, मग नेमके काय दुखते आहे ते, मग त्याच्याकडे काय हवे आहे ते, आणि शेवटी त्याच्यावरचा भरवसा. हा शेवटचा भाग लिहिता आला नाही तर ओढूनताणून लिहू नये. स्तोत्र 88 अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. ज्या माणसाला आशेचा एकही शब्द उच्चारता येत नाही, पण जो अजून देवाशीच बोलतो आहे, त्याचा विश्वास मेलेला नाही.

संकट टळावे अशी मागणी करण्यात संकोच बाळगू नये. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हा दुःखाचा प्याला दूर व्हावा असे पित्याजवळ मागितले, आणि त्यानंतर पित्याची इच्छा पूर्ण होवो असे म्हटले. आपण पुष्कळदा पहिले वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर येतो. त्यामुळे शरणागती ओठांवर राहते आणि मनात कडवटपणा साचतो. प्रेषित पौलानेही ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली होती. काटा निघाला नाही. देवाची कृपा पुरेशी आहे हे उत्तर त्याला मिळाले. हे उत्तर पौलाला प्रार्थना करताना मिळाले, हे ध्यानात ठेवावे आणि दुसऱ्याच्या दुःखावर ते घाईने चिकटवू नये.

शरीराकडे दुर्लक्ष करून आत्मिक वाढ साधत नाही. जुन्या करारातील संदेष्टा एलिया झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला दोनदा जागे करून भाकर आणि पाणी दिले, मधल्या वेळेत तो झोपला, आणि देवाशी संवाद झाला तो पुढे होरेब डोंगरावर. तेव्हा झोप, जेवण आणि आवश्यक तेथे डॉक्टर किंवा समुपदेशक यांची मदत घेणे हा विश्वासातला उणेपणा मानू नये. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर तो आपल्या वाट्याचा ‘वधस्तंभ’, म्हणजे देवासाठी सोसायचे दुःख, समजून सोसत राहू नये, आधी सुरक्षित जागी जावे.

नित्यक्रम लहान ठेवावा. सुखाच्या दिवसांत तासभर मनन करणाऱ्याला संकटात पाच मिनिटेही जड जातात, आणि मग तो अपराधी भावनेने सगळेच सोडून देतो. त्यापेक्षा सकाळी एक स्तोत्र आणि रात्री प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) एवढेच ठरवावे, पण वेळ शक्यतो चुकवू नये. स्वतःचे शब्द सापडत नसताना शास्त्रातले शब्द उसने घेण्यात काहीही कमीपणा नाही.

एकटे राहू नये. मंडळीतील (चर्चमधील) सर्वांना सगळे सांगण्याची गरज नसते. ऐकलेले पोटात ठेवणारी दोन माणसे पुरतात. त्यांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढेच न सांगता नेमके काय मागायचे ते सांगावे, आणि उपासनेत गीत गाता येत नसेल तर नुसते बसून इतरांचे गाणे ऐकावे. सोबत करणाऱ्यांनी बायबलमधील दुःखी ईयोबाच्या मित्रांकडे पाहावे: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ न बोलता बसले, तोवर त्यांचे वागणे योग्य होते, बिघडले ते बोलायला लागल्यावर.

संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा उत्पन्न होते, असे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो. हा क्रम आपोआप किंवा एका आठवड्यात पूर्ण होत नाही. याकोबही आपल्या पत्रात परीक्षांविषयी बोलतो आणि लगेच पुढे, ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे, असे सांगतो. ही दोन्ही वचने एकत्र वाचली की आपला प्रश्न बदलतो. ‘हे माझ्यावरच का आले?’ याचे उत्तर कदाचित या जन्मात मिळणार नाही, परंतु ‘आज मी काय करू?’ याचे उत्तर मागता येते, आणि ते बहुधा लहान असते: एक फोन करणे, एकाची क्षमा मागणे, एक निर्णय पुढे ढकलणे.

वहीतील प्रत्येक प्रार्थनेवर तारीख घालावी. तीन-चार महिन्यांनी ती वही पुन्हा वाचावी, जिथे देवाने काही दिले असे दिसते तिथे समासात खूण करावी, आणि ज्या प्रार्थनेचे उत्तर अजून आलेले नाही तिच्यापुढची जागा तशीच मोकळी ठेवून ती त्या दिवशी पुन्हा एकदा म्हणावी.