सायकल भिंतीला टांगताय? आधी या चुका टाळा

टू बीएचकेमध्ये सायकलला जागा कुठली हो. खाली पार्किंगमध्ये ठेवली तर पावसाळ्यात चेन गंजते नि पोरं गिअर खटाखट बदलून जातात, पॅसेजमध्ये ठेवली तर सोसायटीची नोटीस (आग लागली तर पळायचा रस्ता तोच, त्यामुळे नोटीस तशी बरोबरच आहे). मग आपण ऑनलाइन हुक मागवतो. मीपण मागवला, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये लावला आणि चौथ्या दिवशी रात्री दोनला सायकल धाडकन खाली, सोबत मूठभर भिंत.

हुक चांगला होता, भिंत कसली आहे ते मी बघितलंच नव्हतं. नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) असतात, आपण सरसकट सिपोरेक्स म्हणतो त्या. साधा रावलप्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकतो ती प्लास्टिकची गुल्ली) त्यात सुरुवातीला घट्ट वाटतो पण वजन लटकलं की ढिला होत जातो. ओळखायचं कसं? वरचं प्लास्टर संपलं की ड्रिलचा भुगा बघा. लाल आला तर वीट, पांढरट आला आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स, आणि बिट पुढे सरकायलाच तयार नसेल तर बहुतेक काँक्रीटचा कॉलम, मग तर लॉटरीच, तिथेच लावा. फक्त सळई लागली तर हट्ट न करता भोक जरा बाजूला घ्या. सिपोरेक्सला हॅमर मोड बंद ठेवायचा, त्याचे वेगळे अँकर मिळतात तेच वापरायचे, आणि शक्यतो आधी जाड प्लायची पट्टी चार ठिकाणी पक्की करून हुक त्या पट्टीवर बसवायचा.

दुसरी चूक, सायकल न मोजता हुक घेणं. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) सव्वादोन इंची टायर बारक्या हुकात जात नाही, आणि मडगार्ड असेल तर उभी टांगताना तोच आधी भिंतीला टेकून वाकतो. कार्बन फ्रेम असेल तर टॉप ट्यूब (फ्रेमची वरची आडवी नळी) आवळून धरणारा क्लॅम्प नकोच, चाकाचा हुक बरा.

छताला लावायची पुली दिसते भारी, पण पीओपीच्या फॉल्स सीलिंगला अडकवू नका, वरच्या स्लॅबपर्यंत जावं लागतं. जुनी काळी स्टीलची सायकल वीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा पुलीवर लिहिलेलं वजन वाचा. भाड्याच्या घरात दोन सायकलींचा, भिंतीला नुसता टेकवायचा स्टँड घ्या, भोकंच पाडायला नकोत.

फोल्डिंग पेडलने पॅसेज बराच मोकळा होतो. बसवताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते विसरून जोर लावला की क्रँकचे (पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे) आटे गेलेच म्हणून समजा.

उभी टांगलेली हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकची सायकल काढल्यावर लिव्हर स्पंजासारखा लागतोय? ऑइलमध्ये हवा असेल. सायकल दोन्ही चाकांवर सरळ उभी करून लिव्हर दहा-बारा वेळा दाबा, तरी कडक नाही झाला तर ब्लीड करून घ्या (म्हणजे आतली हवा काढून घ्या), तोवर सिंहगडाच्या उतारावर अजिबात जाऊ नका.